सक्तीची राष्ट्रसेवा
(शास्ते 7:3)

तरुणांकडून राष्ट्रसेवा सक्तीने घ्यावी काय? गिदोनाने भ्यालेल्यांस परतण्याची मोकळीक देताच 32,000 पैकी 22,000 घरी गेले. परमेश्वराने त्यांस दंड केल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही.

आपल्या वाडवडिलांनी वेठ सोसली. सेवेच्या नावाखाली सक्ती कशी चालते हे त्यांस पक्के ठाऊक होते. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगार बंद केली, तथापि सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा सरकारास ठेविली. मात्र धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करावयाचा नाही. पाटलाचा पुत्र सावलीत व आपला उन्हात, असे झाले तर ती पुन्हा वेठच होय!

उपदेशकहो, कायद्याची वाट पाहू नका. गावविहिरीचा गाळ काढावयास तरुणांस बोलवा. न येणाऱ्यास गिदोनाप्रमाणे शांतीने जाऊ द्या.