नसेला कोण मारतं?

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात ते नरसिंहपूर पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. लक्ष्मीनृसिंहाच्या देवळाखालच्या घाटावर उभं राहिलं की समोरचं पाणी कुठून कुठून आलं हे सांगता येतं. नीरेचं पाणी भोर आणि वीरकडून येतं. भीमेच्या पाण्याची वाट लांबची. खडकवासल्याखालून मुठा पुण्यात शिरते, मुळेला मिळते, मुळामुठा पुढे भीमेत जाते, भीमा उजनीच्या जलाशयात अडते, आणि धरणातून सोडलेलं पाणी नरसिंहपुरावरून पंढरपूरकडे जातं. पुण्याच्या सांडपाण्याने उजनीचं काय केलं, हा इंदापूर तालुक्यातला जुना आणि तळमळीचा विषय आहे. म्हणून २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला, तेव्हा ही फक्त शहराची बातमी उरली नाही.

आजाराचं नाव गियां-बारे सिंड्रोम. वर्तमानपत्रांनी ते लगेच जीबीएस केलं. आधी चारसहा दिवस जुलाब किंवा ताप, मग पायांना मुंग्या, मग जिना चढता येईना, मग उठताच येईना. अशक्तपणा पायांकडून वर सरकतो आणि काहींच्या छातीच्या स्नायूंपर्यंत पोचतो. वॉर्डात डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, पाय हलत नाही. मग रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगतात. निरोगी माणूस सहज तीस-चाळीसपर्यंत जातो. वीसच्या आत दम तुटायला लागला की अतिदक्षता विभागातली खाट आणि व्हेंटिलेटर तयार ठेवायचा, असा साधा आडाखा आहे. एरवी लाख लोकसंख्येमागे वर्षाला एखाद-दोन रुग्ण सापडतात. पुण्यात काही आठवड्यांत दोनशेच्या आसपास सापडले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू निघाला.

पोटातला जिवाणू पायाची नस कशी मारतो? याचं उत्तर एका माणसाने शोधलेलं नाही. ते जुळायला पावणेदोनशे वर्षं लागली, आणि मधल्या काळात प्रश्नच दोनतीनदा बदलला.

सुरुवात बेडकाच्या जिभेपासून. लंडनच्या केन्सिंग्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या ऑगस्टस वॉलरने १८५०मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारी नस कापली आणि पुढचे काही दिवस ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिला. कापाच्या पलीकडचे तंतू आधी अखंड दिसत होते. मग ते दूध नासल्यासारखे गुठळ्यागुठळ्यांनी फुटले. अलीकडचा, म्हणजे मूळ पेशीला जोडलेला भाग मात्र शाबूत होता. वॉलरने त्यातून जे ताडलं ते त्या काळाच्या मानाने फार मोठं होतं: तंतू स्वतःच्या बळावर जगत नाही, त्याचं पोषण दूरच्या कुठल्यातरी केंद्रातून होतं. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मीटरभर लांबीचा तंतू म्हणजे एकाच पेशीचा हात आहे, हे पुढे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने पेशी रंगवून दाखवलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काहालने नसांच्या ऱ्हासावर आणि पुनर्वाढीवर मोठा ग्रंथ लिहिला. तुटलेल्या तंतूचं टोक पुन्हा कोंब धरतं, चाचपडत पुढे सरकतं आणि वाट सापडली तर स्नायूपर्यंत पोचतं, हे त्यात आहे. मेंदू आणि मज्जारज्जूत तसं होत नाही, हेही त्याने तितक्याच ठामपणे नोंदवलं.

वॉलरच्या निरीक्षणातून एक समजूत मात्र रुजली आणि शतकभर कुणी तिला हात लावला नाही. कापलेला तंतू उपासमारीने मरतो, अन्न तुटलं म्हणून हळूहळू विझतो, अशी ती समजूत. ती चुकीची निघाली ती एका उंदरामुळे. १९८९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना उंदरांचा एक वाण योगायोगाने हाती लागला. त्यांची नस कापली तरी पलीकडचा तंतू दोन आठवडे टिकायचा, संदेशही वाहायचा. इतर उंदरांत तोच एकदोन दिवसांत संपतो. उपासमार दोघांची सारखीच होती. म्हणजे मरण अन्नाअभावी येत नव्हतं, तंतू आतूनच ते घडवत होता. पुढे २०१२मध्ये फळमाश्यांवर आणि उंदरांवर झालेल्या कामातून सार्म-१ हे प्रथिन सापडलं. तंतूला इजा झाली की ते जागं होतं आणि पेशीच्या ऊर्जेसाठी लागणारं एनएडी हे द्रव्य फस्त करतं. सार्म-१ काढून टाकलेल्या उंदराची कापलेली नस कितीतरी दिवस तगते.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. हे मरण निरुपयोगी नाही. मेलेल्या तंतूचा कचरा उचलला गेला, त्याभोवतीच्या पेशींनी, ज्यांना जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वानचं नाव आहे, रिकाम्या नळीत रांग धरली, की नव्या कोंबाला वाट मिळते. त्या दीर्घायुषी तंतूंच्या उंदरांत संवेदी नसांची पुनर्वाढ मंदावलेली दिसली, ती यामुळेच. मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१मध्ये उंदराच्या मेंदूच्या बुडाला आणि कण्यातल्या मज्जारज्जूला पायाच्या नसेच्या तुकड्याने जोडलं, तेव्हा जे तंतू कधीच वाढत नाहीत असं काहालपासून मानलं जात होतं तेही त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढले. वाढण्याची ताकद तंतूत होती. अडचण शेजाराची होती.

जीबीएसचा शोध याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. १९१६मध्ये, पहिल्या महायुद्धात, जॉर्ज गियां, जाँ बारे आणि आंद्रे स्त्रोल या फ्रेंच सैन्यातल्या डॉक्टरांनी दोन सैनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. हातापायांतली शक्ती गेलेली, आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात प्रथिन वाढलेलं पण पेशी वाढलेल्या नाहीत. संसर्ग असता तर पेशी वाढल्या असत्या. दोघेही सैनिक बरे झाले. स्त्रोलचं नाव आजाराच्या नावातून गळालं, ते आजतागायत परत आलेलं नाही. पण खरा सुगावा त्या पाण्यातच होता: इथे शत्रू आत शिरलेला दिसत नाही, तरी नस जखमी आहे.

मग १९५५मध्ये बायरन वॅक्समन आणि रेमंड अॅडम्स यांनी सशांना नसेचाच अर्क टोचला आणि सशांचे पाय लुळे पडले. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्या नसेवर उलटू शकते, हे डोळ्यांसमोर आलं. १९६९मध्ये शवविच्छेदनांतून दिसलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नसेत शिरून तंतूभोवतीचं मायलिनचं वेष्टन सोलून काढतात. पुढची वीसेक वर्षं पाठ्यपुस्तकात हेच उत्तर राहिलं: जीबीएस म्हणजे मायलिनचा आजार.

ते अपुरं आहे हे चीनमध्ये कळलं. उत्तर चीनच्या हेबेई प्रांतात दर उन्हाळ्यात खेड्यांतली मुलं लुळी पडून शिजियाझुआंगच्या इस्पितळात येत. जॉन्स हॉपकिन्सचे गाय मॅक्खान, जॅक ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी तिथल्या डॉक्टरांबरोबर १९९०च्या सुमाराला कामाला लागले. या मुलांच्या नसांचं मायलिन जवळजवळ धड होतं. मार बसला होता आतल्या तंतूवर. मायलिनच्या दोन खंडांमधल्या उघड्या फटीतून भक्षक पेशी आत घुसत आणि वेष्टन न फाडता तंतूला गाठत. ती मुलं कुठली? खेड्यातली, उन्हाळ्यातली, विहिरीच्या पाण्यावरची, अंगणात कोंबड्या असलेल्या घरांतली. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात राहतो.

शेवटचा दुवा जपानच्या नोबुहिरो युकी यांनी जोडला. कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबानंतर लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात जीएम-१ नावाच्या मेदावर जाऊन बसणारी प्रतिद्रव्यं असल्याचं त्यांनी १९९०मध्ये दाखवलं. जीएम-१ आपल्या चेतातंतूंच्या कवचात असतो. जिवाणूच्या अंगावरच्या साखरेची मांडणीही तशीच असते. शरीर जिवाणूविरुद्ध हत्यार घडवतं आणि ते हत्यार तसंच रूप असलेल्या आपल्याच तंतूला ओळखून जाऊन बसतं. २००४मध्ये युकींच्या गटाने सशांना जिवाणूच्या पृष्ठभागावरचं तेच द्रव्य टोचून हे सिद्ध केलं. सशांचे पाय गळाले.

संरक्षण आणि घात यांच्यातली ही पुसट रेषा महाराष्ट्रात दुसऱ्याच एका आजारात फार जवळून पाहिली गेली. डॉ. नोशीर अँटिया हे प्लास्टिक सर्जन १९५०च्या दशकात पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात वाकडी झालेली बोटं सरळ करत होते. बोटं वाकडी होतात कारण नस मेलेली असते, जखमा होतात कारण वेदना कळत नाही. हात दुरुस्त करता करता ते नसेकडे वळले. १९७५मध्ये जे. आर. डी. टाटांच्या पाठबळाने मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च उभी राहिली. तिथे डॉ. वनजा शेट्टी यांनी अँटिया आणि लंडनच्या जीन जेकब्ज यांच्यासोबत कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या नसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसतं की तंतू आधी आतून रोडावतो आणि मायलिन त्याच्यामागून सुटतं. २०१७मध्ये केंब्रिजच्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने पारदर्शक झेब्रा माशांत कुष्ठजंतू सोडून पाहिले, तर नसेला खरी इजा जंतूंपेक्षा त्यांना गिळायला आलेल्या भक्षक पेशींनी केली होती. कोंढव्याच्या वॉर्डातला प्रश्न असा केंब्रिजपर्यंत गेला.

पुन्हा पुण्याकडे. रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिद्रव्यांची, इंजेक्शनं दिली गेली. मात्रा शरीराच्या वजनावर ठरते, किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला एकशेवीस ग्रॅम लागतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारांत. महापालिकेने आपल्या इस्पितळांत उपचार मोफत केले, राज्याने जनआरोग्य योजनेतली मदत वाढवली, आणि हे वेळेवर झालं याचं श्रेय द्यायलाच हवं. पण औषध फक्त हल्ला थांबवतं. मेलेला तंतू ते परत आणत नाही.

परत येणं तंतूचंच काम, आणि त्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. फक्त मायलिन सोललं गेलं असेल तर श्वान पेशी ते आठवड्यांत पुन्हा गुंडाळतात. तंतू अगदी टोकाला, स्नायूपाशी तुटला असेल तर महिन्यांत भागतं. कण्याजवळ तुटला असेल तर पावलापर्यंतच्या ९० सेंटिमीटरला अडीच वर्षं. तोवर स्नायू वापराविना सुकून गेलेला असतो. सहा महिन्यांनंतरही पाचातल्या एकाला आधाराशिवाय चालता येत नाही. या महिन्यांचा खर्च कुठल्या योजनेत बसतो? घोटा आखडू नये म्हणून रोज ताणणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलणं, हे घरातली बाईच करते, आणि तिची रोजंदारी बुडते. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर-माळशिरसच्या काठावरच्या माणसाला इंजेक्शनानंतरचं दीड वर्ष फिजिओथेरपी तिथून, गावापर्यंत, मिळावी ही मागणी जास्तीची नाही.

आणि त्याआधीचं काम तर ग्रामपंचायतीच्या टाकीवरच होतं. जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घोळून टाकीत ओततो, तासाभराने गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटी टेस्टचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचला. सिंहगड रस्त्याकडची नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली, तरी तिथलं विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून नळाला येत होतं, आणि साथीत तपासलेल्या काही नमुन्यांत तो क्लोरीनही सापडला नाही. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनपुढे टिकत नाही. पावणेदोनशे वर्षांत उलगडलेली सगळी साखळी या पिवळ्या रंगापाशी तुटते.

इंजेक्शन परवडत नाही तिथे काय करायचं, याचं एक उत्तर ढाक्यातून आलं आहे. बांगलादेशात या आजाराचे रुग्ण पुष्कळ आणि पैसा थोडा. तिथल्या डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलण्याचं महागडं यंत्र बाजूला ठेवलं. मोठ्या शिरेतून थोडं रक्त पिशवीत घ्यायचं, पिशवी टांगून ठेवायची, लाल पेशी वजनाने खाली बसल्या की वरचा प्रतिद्रव्यांनी भरलेला प्लाझ्मा काढून टाकायचा आणि पेशी परत शिरेत सोडायच्या. असं दिवसातून अनेकदा, आठ दिवस. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस रुग्णांच्या अभ्यासात ही पद्धत सुरक्षित आणि करता येण्याजोगी ठरली, आणि खर्च इम्युनोग्लोब्युलिनच्या तुलनेत अगदी थोडा. तिला लागतात रक्तपेढीच्या पिशव्या, मध्यवर्ती शिरेतली नळी आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका.