चौकशीपूर्वीचा निवाडा

प्रगतिपुस्तकात शेऱ्यासाठी एकच ओळ असते. आणि त्या ओळीत ‘लक्ष देत नाही’ एवढे लिहून वर्गशिक्षक जेव्हा सही करतात, तेव्हा ज्याची कैफियत कोणी विचारली नाही अशा एका बालकाविरुद्ध आपण निवाडा दिला आहे, याची जाणीव त्यांना क्वचितच असते. काही मुलांचे कान निर्दोष असतात, साध्या श्रवणचाचणीत ती उत्तीर्णही होतात. परंतु कानांनी आत पोहोचविलेल्या ध्वनींतून शब्द निवडून त्यांचा अर्थ लावण्याचे मेंदूचे कार्य, विशेषतः गलबल्यात, मागे पडते. हीच श्रवण-प्रक्रियेची अडचण. मग ‘सात’चा ‘साठ’ होतो, आणि तीन सूचना एका दमात दिल्या की पहिलीच काय ती हाती लागते.

निजामाच्या अमदानीत आपल्या मराठवाड्यातील मराठी मुले माध्यमिक वर्गात उर्दूतून गणित-भूगोल शिकत, तेव्हा शब्द कानी पडूनही अर्थ मागे रेंगाळे. त्यांना कोणी मंदबुद्धी म्हटले असते, तर तो अन्याय ठरला असता. श्रवण-प्रक्रियेची अडचण असलेल्या मुलाला तोच अनुभव स्वतःच्या मातृभाषेत येतो.

त्यात आपले मुदखेड हे जंक्शनचे गाव. मनमाड–सिकंदराबाद मार्गाला आदिलाबादचा फाटा येथेच फुटतो. गाडीची शिट्टी, पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस आणि शेजारच्या वर्गातले पाढे यांतून गुरुजींचा आवाज वेगळा काढणे धडधाकट मुलालाही जड जाते. शिकवणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचविले आहे. तेवढी शांतता आपल्या हाती नसेल. बाकाची जागा मात्र आहे.

अर्थात, प्रत्येक न ऐकणाऱ्या मुलाची हीच अडचण असते असे नव्हे. कुणाचा कान वाहत असतो, तर कुणाच्या घरी गोरमाटी किंवा तेलुगू बोलली जाते. म्हणूनच प्रथम कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, नंतर श्रवणतज्ज्ञाकडून. श्रवण-प्रक्रियेच्या विशेष चाचण्या सात वर्षांच्या आतील मुलांवर सहसा करीत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत या अडचणीचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतील. परंतु न्यायबुद्धीला दाखल्याची गरज कधीपासून पडू लागली?

मुलाला खिडकी-दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पानाचा क्रमांक व गृहपाठ लिहून द्यावा. सूचना एकेक द्यावी आणि ‘समजले का?’ याऐवजी ‘काय करायचे, ते सांग’ असे विचारावे. यास ना अनुदान लागते, ना परिपत्रक. ऐकणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य खरे. पण ऐकू जाईल असे बोलणे हे आपले कर्तव्य त्याच्याही आधीचे आहे. तेव्हा गुरुजनांनी आणि पालकांनी एवढे तरी करावे: ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्या मुलावर रागावू नये.