खांदेमळणी

बदनापूरजवळच्या एका गावात मोसंबीची बाग राखून असलेले एक आबा होते. त्यांच्या जिभेवर सरस्वती होती. सोयरिकीतली देणीघेणी असोत की बांधाचा तंटा, आबा बोलले की मिटलेच. पोळ्याला ते बैलांना पुरणपोळी भरवत आणि वर्षभराच्या कष्टाबद्दल भरल्या गळ्याने त्यांच्या पाया पडत.

त्यांच्याकडे एक सालगडी होता. दर पाडव्याला साल ठरे, आणि असे करत करत त्याची उमर त्याच घरी गेली. २०१२ साली पावसाने दगा दिला. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. पुढचा सगळा उन्हाळा हा गडी रात्र रात्र टँकरची वाट बघत बांधावर बसला. पाणी आले की कावड खांद्यावर घेऊन एकेका झाडाच्या आळ्यात ओतायचा. खांद्याला घट्टा पडला, पण बाग जगली.

बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजलेले. तिथे शेतकरी जमले की आबा उठून सांगत, "माझी बाग मी अशी जगवली." गडी मागे उभा राहून ऐके. त्याचा पैसा आबांनी कधी थकवला नव्हता. त्यामुळे त्याचे आणखी काही देणे लागतो, हे त्यांच्या मनातही येत नसे.

एका पहाटे आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. जालन्याच्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावले, "मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. त्यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. तोंडपाठ भजन कदाचित निघेल. रोज बोलतं करा."

रोज बोलते करायला घरात सवड कुणाला? गडीच बसू लागला. दिवेलागणीला तो हरिपाठ धरी, आबा अडखळत पुढे नेत. मग तो हाताशी येईल ती वस्तू समोर धरी. "आबा, हे काय?" बराच वेळ धडपडून आबा म्हणत, "दा... दावं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती. आबांना खुर्चीवर बसवून गोठ्यात आणले. धड असलेल्या डाव्या हाताने त्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळले. वाटी घ्यायला गडी वाकला, तेव्हा आबांनी त्याच्या सदऱ्याची गळपट्टी बाजूला सारली. कावडीचा घट्टा बोटांना लागला. उरलेले तूप त्यांनी त्यावर लावले आणि चोळतच राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बाग... तुझ्या... मुळं."

गड्याने तो हात दोन्ही हातांत धरला. "पोचलं, आबा. समदं पोचलं."

तात्पर्य : बैलांचे उपकार मानायला पंचांगात दिवस नेमलेला आहे, माणसांचे मानायला तो आपणच काढावा लागतो. मजुरी दिल्याने हिशेब मिटतो, उपकार फिटत नाहीत. ज्याच्या खांद्यावर आपले घर उभे आहे, त्याला वाचा शाबूत आहे तोवर सांगावे. उशीर झालाच, तर उरले असतील तेवढ्या शब्दांत सांगावे. पण सांगितल्यावाचून राहू नये.