गच्चीवरील दिवे व शेजाऱ्याची रात्र

प्रकाश चांगला व अंधार वाईट, ही समजूत फार जुनी आहे. ज्ञान, पुण्य व सुख यांना आपण प्रकाशाची उपमा देतों. अज्ञान, पाप व दुःख यांना अंधाराची. त्यामुळें जो दिवा लावतो तो कांहीं तरी सत्कृत्यच करतो, असें आपण विचार न करतां धरून चालतों. एखाद्यानें आपला केर दुसऱ्याच्या दारांत लोटला तर त्यास चारचौघे बोलतात. परंतु एकाच्या गच्चीवरील दिव्यांचा झोत दुसऱ्याच्या उशाशीं पडला तर तो दुसराच संकोचतो. दिव्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडानें करावी? या संकोचांत नीतीचा एक प्रश्न दडला आहे, आणि अलीकडे घरोघर गच्चीवर दिसूं लागलेल्या दिव्यांच्या माळांनीं तो आमच्यापुढें उभा केला आहे.

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गावर असलेलें सोनगीर हें आपल्या किल्ल्यासाठीं व तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. खानदेशांतील इतर गांवांप्रमाणें येथील जुनीं घरें धाब्याचीं. म्हणजे लांकडी तुळयांवर मातीचा जाड, सपाट थर. उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर चढला कीं माणसें अंथरुणें घेऊन धाब्यावर जात. आतां बहुतेक ठिकाणीं धाब्याची जागा सिमेंटच्या स्लॅबनें घेतली. वैशाखांतला उकाडा मात्र तोच राहिला. अशा गांवांत गच्ची म्हणजे नुसती हवा खाण्याची जागा नव्हे. ती वाळवणाची जागा, संध्याकाळची बैठक, आणि वीज गेली म्हणजे निजण्याची खोलीही होय. घरें एकमेकांस लागून असतात व मध्यें कमरेइतका कठडा. त्या कठड्याला माणूस अडतो, उजेड अडत नाहीं.

आतां हा प्रश्न पूर्वीं कां उठला नाहीं? आमच्या मतें याचें कारण आपल्या वाडवडिलांचा मोठा विवेक हें नसून त्यांची तंगी हें आहे. कंदिलास रॉकेल लागे, आणि रॉकेल मोजून आणावें लागे. पुढें विजेच्या माळा आल्या, त्याही एका तारेंत ओवलेल्या; एक दिवा गेला कीं सारी माळ विझे. पंधरा वॅटांचे वीस दिवे पांच तासांत दीड युनिट वीज खात, व महिनाअखेर बिल पाहून घरचा कर्ता आपण होऊन बटण बंद करी. मग निळ्या एलईडीचा शोध लागला आणि तिच्या साहाय्यानें पांढरा प्रकाश थोड्या विजेंत मिळूं लागला. त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज एकेका वॅटाच्या वीस दिव्यांची माळ पांच तास जळली तरी एका युनिटाचा दहावा भाग लागतो. हा लाभ मोठा आहे. परंतु जो आवर पूर्वीं खर्च घालीत असे, तो आतां आपला आपणच घातला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल व तो हलका नाहीं. ज्या पिढीनें कंदिलाची काच राखेनें पुसली, विंचवाच्या भीतीनें अंगणांत पाय जपून टाकला, तिला अंधाराचे गोडवे कोणीं सांगावे? पोटभर उजेड मिळालेल्यानें दुसऱ्यास काळोखाचा उपदेश करणें हें ढोंगच ठरेल. शिवाय आपल्या देवळांपुढें दीपमाळा आहेत. त्रिपुरी पौर्णिमेस त्या उजळतात. कार्तिकांत आकाशदिवा उंच टांगतात. मग एखाद्या कुटुंबानें गच्चीवर हौसेनें माळ लावली तर काय बिघडलें?

माळ लावण्यांत कांहींच बिघडत नाहीं, असें आम्हीही म्हणतों. पण दीपमाळेकडे नीट पाहावें. ती सर्वांच्या देवळापुढें उभी असते, म्हणून तिचा आनंद सर्वांचा. ती नेमलेल्या तिथीस उजळते, आणि तेल सरलें कीं विझते. गांवाची रात्र गांवास परत मिळते. तांबटाच्या हातोड्याचा ठणठणाटही गांव सोसतें, कारण त्यामागें कोणाची तरी भाकरी असते. गच्चीवरील माळेच्या मागें तिथि नाहीं, भाकरी नाहीं, आणि तिचें तेलही सरत नाहीं. तेव्हां प्रश्न उजेड कीं अंधार हा नसून, माझ्या सुखाचा जो भाग भिंतीपलीकडे सांडतो त्यास मर्यादा कोणती, हा आहे.

ही मर्यादा माळ निवडतांनाच ठरते. दिव्याच्या रंगाचें माप केल्विनमध्यें देतात. २७०० च्या आसपासचा दिवा जुन्या बल्बासारखा पिवळसर, तर ६५०० चा निळसर पांढरा. निळसर प्रकाश शरीराची झोपेची तयारी लांबवितो व किडेही अधिक ओढतो. म्हणून पिवळा घ्यावा. दिव्यांना वरून झांकण असावें, म्हणजे उजेड बसणाऱ्यांच्या हातावर पडेल, आकाशांत जाणार नाहीं. दोन खांबांमध्यें आधीं पोलादी तार ताणून तिच्यावर माळ बांधावी. विजेच्या वायरीस भार देऊं नये. ऊन-पावसांत टिकणारी, आयपी ६५ दर्जाची, बारा किंवा चोवीस व्होल्टांवर चालणारी माळ उत्तम. तिचा अडॅप्टर आडोशास ठेवावा आणि घरच्या फळीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची खात्री करावी. त्याच गच्चीवर ओले कपडे वाळत घालणारी बाई असते व संक्रांतीस पतंग उडविणारीं मुलें असतात. त्यांच्या जिवाची काळजी हीही त्याच नीतीचा भाग होय.

अंधारासही किंमत असते हें आतां जगानें मानलें आहे. जानेवारी २०२४ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तारे पाहण्यासाठीं प्रत्येकानें अरण्यांत जावें, अशी पाळी मात्र येऊं नये.

यासाठीं कायद्याची वाट पाहण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं. माळ बांधून झाली कीं ती पेटवावी आणि शेजाऱ्याच्या जिन्यानें त्याच्या गच्चीवर जाऊन, तो जेथें अंथरूण घालतो तेथून एकदां पाहावी. दिवा डोळ्यांत शिरत असेल तर तो खालीं घ्यावा किंवा वळवावा. आणि पाहुणे उठले म्हणजे माळ विझवावी. ज्यांचे चेहरे दिसावे म्हणून ती लावली, ते निघून गेल्यावर तिला काम उरत नाहीं. शेजाऱ्यास मात्र पहाटे उठून कामावर जावयाचें असतें.