कातड्याची हौस

चामड्याचा विषय या मासिकात कशाला, असे कोणी वारकरी विचारील. परंतु ज्याच्या गळ्यात मृदंग आहे त्याने चामड्याला नाक मुरडू नये. पुडीला बकऱ्याचे कातडे लागते, तेव्हा कोठे बोल उमटतो. म्हणून कातडे कोणत्या प्रयोजनासाठी घ्यावे, हा प्रश्न आमचाही आहे.

उदाहरण मात्र दूरचे घेऊ. अमेरिकेत कमरेला पिस्तूल बाळगण्याची चाल जुनी. त्याला कातड्याची म्यान लागते. तिला तिकडे होल्स्टर म्हणतात. आजही ती हाताने शिवणारे कारागीर आहेत. झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेले गुराचे जाड कातडे घ्यायचे, भिजवायचे, त्यावर पिस्तुलाचा आकार दाबून उठवायचा आणि सुकवायचे. सुकले की ते आकार धरून बसते. आपल्या कोल्हापुरी वहाणेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, त्याच जातीचे हे काम. पिस्तूल पडत नाही, अंगाला बोचत नाही. म्यानेचे प्रयोजन येथे संपले.

पण गिऱ्हाइकाची हौस संपत नाही. त्याला वर मगरीचे, शहामृगाचे, अजगराचे नाहीतर पाकटाचे कातडे हवे. यांतली पुष्कळ कातडी पातळ, एकटी भार घेत नाहीत. म्हणून खाली गुराचे कातडे राहतेच, त्यावर ही चिकटवून शिवतात. शहामृगाच्या कातड्यावर पिसांच्या मुळांचे उंचवटे असतात, त्यांचेच मोल. पाकटाच्या कातड्यावर असे कठीण दाणे की सुई मोडावी. शिवणीच्या रेषेवरचे दाणे आधी घासून काढावे लागतात. मुशीचे कातडे घासटीला चिवट, ते कडेला लावले तर टिकाऊपणा येतो. तेवढा उपयोग कबूल. बाकी सारे दिसण्यासाठी. आणि गंमत पाहा, पुष्कळ जण ही म्यान सदऱ्याखाली झाकून वापरतात!

आता पूर्वपक्ष ऐकू. एक म्हणतो, गुराचा जीव तो जीव आणि मगरीचा काय निराळा? मरणाचे दुःख दोघांना सारखेच. हे खरे आहे. दुसरा म्हणतो, अहो, कातड्याच्या किमतीनेच तर मगर वाचली! हेही अगदी खोटे नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलीत अ‍ॅलिगेटर नावाची मगर असते. शिकारीने ती इतकी घटली की १९६७ साली सरकारने तिला नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. पुढे १९८७ साली ती पूर्ण सावरल्याचे जाहीर झाले. लुइझियाना राज्यात दलदलीतून परवान्याने तिची अंडी उचलतात, पिले वाढवतात आणि त्यांतला ठरीव हिस्सा पुन्हा दलदलीत सोडतात. अंड्यांचा पैसा मिळतो म्हणून मालकालाही दलदल राखावीशी वाटते.

मग सिद्धान्त काय? जिवांत उच्चनीच नाही, पण इच्छांत आहे. भूक पोट भरले की थांबते. वहाण मिळाली की पाय दुसरी मागत नाही. गरजेला माप असते. दुर्मिळाच्या हौसेचे उलटे आहे. प्राणी कमी झाला की किंमत चढते, किंमत चढली की हौस वाढते. लाकूड संपत आले म्हणून जी आग भडकते, ती आपणहून कशी विझावी? म्हणून बाहेरून बंधन घालावे लागले. १९७३ साली वॉशिंग्टन येथे वन्य जिवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १९७५ पासून अमलात आला. भारत १९७६ साली त्यात आला. अ‍ॅलिगेटर वाचली ती हौसेमुळे नव्हे, हौसेला वेसण घातली म्हणून. बैल तोच. मोकाट होता तेव्हा त्याने पीक खाल्ले, वेसणीत आला तेव्हा शेत नांगरले. श्रेय वेसणीला द्यावे.

कारागिराचा दोष किती? त्याचे पोट हातावर आहे, हे विसरू नये. परवान्याचे कातडे कोणते आणि चोरीचे कोणते, हे गिऱ्हाइकापेक्षा त्याला अधिक कळते. चोरीच्या कातड्याला त्याने सुई लावू नये. आणि "याहून दुर्मिळ काय आहे?" असे कोणी विचारले, तर "बाबा, हे पुरे" म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. त्यात दोन पैसे बुडतील. धर्म पाळायचा म्हणजे कोठेतरी खिशाला चाट बसायचीच.

अमेरिकेला उपदेश करून आम्ही मोकळे होत नाही, बरे का. आपल्याकडेही व्याघ्राजिनाचे आसन मोठेपणाचे मानले गेले. वाघ रानात उरतो की नाही अशी वेळ आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा करावा लागला. साध्या घोंगडीवर नाम घेता येत होते. वाघाच्या कातड्याने ते काही अधिक गोड झाले नाही.

तेव्हा चामड्याची वस्तू हातात घ्याल तेव्हा मनाला एवढेच विचारा: हा प्राणी उद्या रानोमाळ दिसू लागला आणि त्याचे कातडे चार आण्यांना मिळू लागले, तर मला ते हवे राहील काय? राहील, तर ती गरज आहे, नीट वापरा आणि ऋण माना. नाही म्हणालात, तर आपल्याला कातडे नको होते. लोकांनी आपल्याकडे वळून पाहावे, एवढेच हवे होते. त्यापायी कोणाचा जीव जाऊ देऊ नये.