नॉटपेड

ज्या पत्रावर पुरेशी तिकिटे नसतात त्याला आपल्याकडे नॉटपेड म्हणतात. इकडे रायपुरात त्यालाच बैरंग म्हणतात. दोन्ही शब्द इंग्रजीचेच वंशज. ‘बेअरिंग’चे बैरंग करताना हिंदी जिभेने त्यात थोडी उदासी मिसळली, आणि काम न होता परतणाऱ्या माणसालाही ‘बैरंग लौटा’ म्हणण्याची रीत पडली. २०१९ सालच्या पावसाळ्यात हा शब्द आमच्या दारात उच्चारला गेला, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

झाले ते असे. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्यास हवे ते मराठी पुस्तक दुकानात जाऊन घेण्याचे सुख सहसा लाभत नाही. एका जुन्या, दुर्मीळ झालेल्या निबंधसंग्रहाची प्रत मला इंटरनेटवर एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे आढळली. टपालहशिलासकट किंमत मी आगाऊ भरली. दहाबारा दिवसांनी पुडके आले, पण पोस्टमन ते हाती देईना. “साहब, बैरंग है, डबल लगेगा.” तिकिटे तर भरपूर दिसत होती. त्याने पुडके उजेडाकडे वळविले तेव्हा दोन तिकिटांवर जुन्या शिक्क्याची पुसट कड दिसली. एकदा वापरलेली तिकिटे धुऊन पुन्हा डकविली होती. जेवढे हशील कमी पडले त्याच्या दुप्पट आता मी द्यावयाचे होते. रक्कम शंभराच्या आतलीच होती, पण मस्तक तापावयास रकमेचा आकडा मोठा असावा लागत नाही.

मी तर पैसे आधीच मोजले होते. मग हे देणे कोणाचे?

ज्या १८९८ च्या कायद्यावर आपले टपालखाते तेव्हा चालत होते (१८ जून २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे) त्याच्या अकराव्या कलमात याचे उत्तर होते. पत्ता ज्याच्या नावाचा, त्याने टपाल स्वीकारले तर थकलेले हशील त्याने द्यावे. मात्र न फोडता तत्काळ परत केले तर तो मोकळा, आणि मग ते देणे पाठविणाऱ्याच्या माथी. निव्वळ छळण्याच्या दुष्ट हेतूने कोणी नॉटपेड पाठविले असे दिसले, तर हशील माफही करता येई. रुक्ष कायद्याच्या पोटात माणसाच्या खोडसाळपणाची एवढी जाण असावी याचे मला कौतुक वाटते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की दुसऱ्याने केलेल्या कर्जाचा भार उचलावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याने घेणाऱ्याच्या हाती ठेवला होता.

पूर्वी हा भार घेणाऱ्यावरच असे. १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे तिकीट निघाले, त्याआधी तेथे बहुधा पत्र घेणाराच पैसे देई. कोलरिज कवीची म्हणून एक आठवण सांगतात. एका गरीब स्त्रीच्या दारी तिच्या भावाचे पत्र आले, पण ती ते परत करू लागली. कवीने दयेपोटी हशील भरले, तर आत कोरा कागद! भाऊ खुशाल आहे एवढे पाकीट पाहूनच समजावयाचे, असा भावाबहिणींचा संकेत होता. आपल्या मिस्ड कॉलची ही पणजीच म्हणावयाची. हिंदुस्थानात १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा देशभर एकच दर झाला, अंतर कितीही असो. तिकीट न लावल्यास मात्र दुप्पट.

पण पत्र आणि खरेदी केलेली वस्तू यांत मला मोठा भेद दिसतो. आमच्या घरी अशी समजूत होती की नॉटपेड पत्र हमखास पोचते, कारण त्यात सरकारचे पैसे अडकलेले असतात. म्हणून अत्यंत निकडीचे पत्र मुद्दाम बिनतिकिटाचे टाकावे! असे पत्र दुप्पट पैसे देऊन सोडविताना कोणी कुरकुरत नसे, कारण स्नेहाच्या व्यवहारात कोणी किती भरले याचा ताळेबंद मांडीत नाहीत. विक्रेत्याचे तसे नाही. येथे माझे पैसे विश्वासाने त्याच्या हाती गेलेले असतात, आणि धुतलेले तिकीट लावून तो एकाच वेळी माझी आणि टपाल वाहणाऱ्याची चोरी करतो. असल्या चोरीचे भांडवल एकच: एवढ्याशा रकमेसाठी भांडावयाचे कोणी? २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याच्या आत झाले पाहिजे. पण शंभराच्या आतल्या रकमेसाठी लेखणी उचलणे आपल्या प्रतिष्ठेला साजत नाही, आणि ती प्रतिष्ठाच त्याच्या पथ्यावर पडते.

इतरत्र प्रश्न याहून बिकट झाला आहे. बनावट हशील लावलेली पार्सले सोडून दिलेली समजावीत व त्यांची विल्हेवाट लावावी, असा नियम अमेरिकेच्या टपालखात्याने २०२३ साली केला. म्हणजे वस्तूही गेली आणि घेण्या-नाकारण्याचा अधिकारही गेला. खात्याची अडचण मला कळते, पण ज्याने काहीच केले नाही त्यालाच येथे सर्वांत मोठी शिक्षा. आपल्याकडे तर थकलेल्या देण्याचीच नक्कल निघाली आहे. ‘तुमचे पार्सल अडले आहे, अमुक तासांत पत्ता दुरुस्त करा’ असे टपालखात्याच्या नावाचे खोटे निरोप मोबाइलवर येतात, आणि खाते असे निरोप पाठवीत नाही हे सरकारला २०२४ साली जाहीरपणे सांगावे लागले. परिणाम असा, की उद्या खराखुरा पोस्टमन खरेखुरे देणे मागावयास आला तरी दाराची कडी निघणार नाही.

त्या दिवशी मीही पुडके नाकारणारच होतो. नाकारले असते तरी पोस्टमनचे काही बिघडणार नव्हते. त्याचा पगार ठरलेला. ज्यांनी रात्री जागून नागपूर, गोंदिया, दुर्ग अशा वाटेवर ती थैली हलविली त्यांचेही नाही. मग बुडते कोणाचे? सरकारचे. आणि सरकार म्हणजे कोण? या प्रश्नाशी आलो आणि माझा संताप एकाएकी ओसरला. कारण हे उत्तर मला आधीपासून पाठ होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी आवक-जावक शाखेत होतो. ‘भारत सरकार सेवार्थ’ छापलेल्या पाकिटांचा गठ्ठा उजव्या हाताशी, सर्व्हिस तिकिटे खणात. बहिणीचा नोकरीचा अर्ज, विम्याचे कागद, एकदा तर एका स्नेह्याला पाठविलेला दिवाळी अंक, असे पुष्कळ काही मी त्या पाकिटांतून रवाना केले. कोणी विचारले नाही. वरिष्ठांचीही पत्रे त्याच थैलीत पडत. आपल्यापैकी किती जणांना हे ओळखीचे वाटेल हे मी विचारीत नाही. मुद्रांक घोटाळ्याच्या तेलगीला २००७ साली सक्तमजुरीची शिक्षा झाली ती बातमी अशीच सर्वांनी चवीने वाचलेली. चोर कसा असतो याचे एक भव्य चित्र आपल्यापुढे होते आणि त्यात आपला चेहरा कोठेच नव्हता.

मी पैसे दिले आणि पुडके घेतले. विक्रेत्याला मात्र कळविले, काहीशा कडक भाषेत. तिसऱ्या दिवशी सारी रक्कम खात्यात परत आली. सोबत निरोप होता: तिकिटांचे पैसे दुकानातल्या पोऱ्याजवळ दिले होते, त्यानेच ही लबाडी केली असावी, रक्कम त्याच्या पगारातून कापली आहे, तरी आमच्याविषयी प्रतिकूल अभिप्राय देऊ नये.

पोऱ्याने लबाडी केली की मालकाने, हे कळण्याचा मार्ग मला नव्हता. मी न्याय मागितला होता, आणि ते देणे घरंगळत जाऊन जेथे सर्वांत कमी विरोध होईल तेथे स्थिरावले होते. मीच आपले तोंड उघडले नसते तर? पण मग पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच तिकीट गेले असते. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. एकीकडेही मन ठरेना.

अखेर रक्कम मनिऑर्डरने परत केली आणि पगार कापू नये असे पत्र वेगळे लिहिले. तिकीट पदरचे लावले, आणि लावण्यापूर्वी उजेडात धरून पाहिले. त्या पत्राचे उत्तर आले नाही. पुस्तक चांगले निघाले. त्याचे वेष्टन अजून त्याच्याच पानांत घडी घालून ठेवले आहे.