निद्रिताचा श्वास

लोणावळ्यास 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना करून, गुरुमुखातून शिष्याच्या कानी जाणारा प्राणायाम प्रयोगशाळेतील उपकरणांपुढे उभा केला, याचा मावळास अभिमान वाटावा हे युक्तच आहे. परंतु पूरक, कुंभक, रेचक हा श्वास घेण्याचा, रोखण्याचा व सोडण्याचा सारा बंदोबस्त जागृत मनुष्याच्या इच्छेने चालणारा. झोपेत त्या इच्छेचा अंमल संपला, घशाचे स्नायू शिथिल झाले आणि जीभ मागे सरून वाट बुजली म्हणजे, छाती धडपडत असतानाही दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, आणि हा बिनशिकवणीचा कुंभक, विकार बळावला असता, तासातून तीस वेळा घडूनही सकाळी त्यातले काहीएक आठवत नाही.

म्हणून या व्याधीची फिर्याद रोगी करीत नाही, साक्षीदार करतो. कामशेतकडच्या एखाद्या घरी, आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत असता, नवऱ्याचे घोरणे मध्येच तुटले की बायको कोपरावर उठून "अहो, कुशीवर वळा" म्हणत त्याचा खांदा हलवते, आणि सकाळी तिची हीच जबानी चहाबरोबर थट्टेवारी नेली जाते. जड डोके, तोंडाची कोरड, क्षुल्लक कारणावरून चिडचिड, चढता रक्तदाब आणि कचेरीतल्या मेजावर येणारी पेंग या सर्वांचे मूळ एक असेल अशी शंकाही कोणास येत नाही. तीच पेंग खंडाळ्याच्या घाटात गाडी हाकताना आली, तर तिची किंमत परक्यालाही मोजावी लागते.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 साली जे प्रसिद्ध केले, त्यात शेकडा साडेसात जणांस हा विकार दिवसाच्या झोपाळूपणासह आढळला होता. नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्येच मांडली. तथापि पहाटे नेमाने अनुलोम-विलोम करणारा गृहस्थ मुखवट्याचे नाव काढताच बिथरतो, कारण श्वास आपल्या मुठीत आहे ही त्याची समजूत त्या यंत्राने मोडीत निघते.

स्त्रियांची गोष्ट याहून बिकट. रजोनिवृत्तीनंतर हा धोका त्यांनाही वाढतो. पण शेजारचा साक्षीदार स्वतःच गाढ घोरत असतो, घोरण्याची कबुली देण्याची लाज वेगळीच, आणि त्यांच्या दिवसभराच्या शिणवट्याची नोंद घरकामाच्या खाती पडून तपासणीचा प्रश्नच उद्भवत नाही.